शीतपेटीचं वर्ष

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ मस्कतला होता. त्याला यायला दीड दिवस लागला. तोवर आईला आम्ही मंचरहून आणलेल्या बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं. चैत्राचं ऊन होतं. लाद्या विरघळायच्या, आम्ही नव्या सारायचो, आणि दर वेळी आईला चौघांनी उचलावं लागायचं. तिच्या लुगड्यातून पाणी निथळून सगळ्या ओटीवर पसरलं होतं आणि माझी बायको ते सारखी पुसत होती. भाऊ आला, त्यानं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "किती गार पडलीय रे." मला त्याचा राग आला. का, ते आजही नीट सांगता येत नाही.

त्याच वर्षी जुलैत मी आमच्या सेवाभावी क्लबचा अध्यक्ष झालो. घोडेगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळतात, मी त्यांच्यात तार पुन्हा भरून देतो. क्लबात बाकी डॉक्टर, वकील, दुकानदार, शिक्षक. दरवर्षी आम्ही झाडं लावायचो, वह्या वाटायचो, डोळे तपासायचं शिबिर घ्यायचो. पदग्रहणाच्या भाषणात मी म्हटलं, या वर्षी आपण शीतपेटी घेऊ. मयत ठेवायची, विजेवर चालणारी, काचेच्या झाकणाची पेटी. ज्यांची पोरं लांब आहेत त्यांना उपयोगी पडेल. टाळ्या पडल्या नाहीत. आमचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सरच म्हणतात, ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण आज सत्यनारायण आहे हॉलवर. जरा नंतर बोलायचं होतंत."

वर्गणी मागायला सर आणि मी दोघंच फिरलो. दप्तरं म्हटलं की लोक खिशात हात घालतात. पेटी म्हटलं की खुर्चीत मागं सरकतात. एका सराफानं आम्हाला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देतो की राव. पण माझं नाव नका टाकू त्या पेटीवर. लगीनसराईचं गिऱ्हाईक असतंय आपलं." दुसऱ्या एकानं सरळ विचारलं, "तुमच्या घरी काय झालंय का?" सर म्हणाले, "सगळ्यांच्याच घरी होतं, शेठ." त्या दुकानातून काही मिळालं नाही.

मग दिवाळीत क्लबातल्या बायकांनी फराळाचा स्टॉल लावला. चकली, अनारसे, शेव. बाजाराच्या दिवशी पंचायत समितीच्या समोर मांडव टाकला. कशासाठी म्हणून कुणी विचारलं तर "गरजूंसाठी" एवढंच सांगायचं ठरलं होतं. माझी बायको मात्र एका गिऱ्हाइकाला खरं बोलून गेली. त्या बाईनं हातातली चकलीची पुडी खाली ठेवली आणि निघून गेली. संध्याकाळी घरी येऊन आमची ही म्हणाली, "तिचंही बरोबर आहे. सणाला लेकरांच्या तोंडात कसं घालंल?"

तरी पैसे जमले आणि पेटी आली. ठेवायला कुणी जागा देईना, म्हणून ती माझ्या दुकानात आली. मोटारी घेऊन येणारे शेतकरी तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. बायकोनं तिच्यावर जुनी चादर टाकली. आम्ही एसटी स्टँडवर आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत बोर्ड लावले. त्यावर माझा नंबर होता.

पहिला फोन आला निरगुडसरहून. मोटरसायकलच्या अपघातात गेलेला तरणा पोरगा, थोरला भाऊ परदेशात. पिकअपमधून पेटी नेली, पडवीत लावली, स्टॅबिलायझर जोडला, पेटीनं थंडावा धरला. पोराला आत ठेवलं. त्याची आई काचेला हात लावून बसली. पहाटे कधीतरी तिनं मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "भाऊ, जरा कमी करता का हे? त्याला थंडी सोसत न्हाई. थंडीत कान बांधल्याबिगर भायेर पडत नव्हता."

मी मशिनपाशी गेलो, बटणावर हात ठेवला आणि काही न करता परत आलो. "केलं कमी," म्हणालो. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला आला. त्यानं भावाला पाहिलं, कपाळावरून हात फिरवला. पोरगा झोपल्यासारखा होता. मातीहून परतताना त्या थोरल्यानं सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरले. घरी येताना गाडीत मी सरांना म्हणालो, "सर, बघा. याच्यासाठी केलं." मला अभिमान वाटत होता, तो लपवत नाही.

त्यानंतर पेटी फिरत राहिली. जुन्नरकडे येडगावपर्यंत गेली. लोकांची भीड मोडली. क्लबातले लोक आता आपण होऊन गाडीवर यायला लागले. पेपरात फोटो आला.

मे महिन्यात एका सकाळी बेंगळुरूहून फोन आला. एका मुलीचा. ती तिथं दवाखान्यात नर्स होती. तिचं गाव घोडेगावच्या पश्चिमेला, धरणाच्या मागं डोंगरात. आश्रमशाळेत शिकून पुढं गेलेली, आईबापांची एकुलती. वडील पहाटे गेले होते. चुलतभावानं बोर्डाचा फोटो पाठवला होता.

"मी आत्ता निघतेय," ती म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत पोचेन. गावातले म्हणतात आजच उरकायचं. तुम्ही ठेवाल का बाबांना?"

मी म्हणालो, "ठेवतो, ताई. तुम्ही या."

सर म्हणाले, "तिकडं लाईटचं काय?" मी म्हणालो, "मी आहे ना." वीज हा माझा धंदा. दुकानातला मोठा इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या गाडीत टाकल्या.

गाडी गावाच्या खाली थांबते. तिथून पेटी सहा जणांनी चढावर खांद्यावरून नेली. घर कुडाचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. म्हातारी दाराशी बसलेली. भावकीतला एक वयस्कर माणूस पुढं झाला. "पावणं, आमच्यात ठेवत न्हाईत," तो म्हणाला. "दिस मावळायच्या आत माती करायची. आमचं आमी लाकडं जमवलीत."

मी त्यांना समजावलं. लेकीला शेवटचं तोंड बघू द्या म्हणालो. निरगुडसरचं सांगितलं. म्हातारी सगळं ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "पोरगी येती म्हणती ना? मग ठेवा."

दुपारी तीनपर्यंत सगळं ठीक होतं. मग आभाळ आलं आणि वळवाचा वारा सुटला. पत्रे उडाले, आंब्याची फांदी अंगणात पडली. गारा पडल्या. वीज गेली. मी इन्व्हर्टर जोडला. कॉम्प्रेसर घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला. सुरू होताना तो इतका करंट ओढत होता की इन्व्हर्टर झेपेना. पेटी इन्व्हर्टरवर चालते का, हे मी दुकानात कधी तपासून पाहिलं नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या मोटारी तपासणारा मी. थोड्या वेळानं कॉम्प्रेसर बंदच पडला. खालून एक जण सांगत आला, दोन खांब आडवे झालेत, उद्या संध्याकाळशिवाय लाईट नाही.

जनरेटरसाठी मी फोन लावत राहिलो. रेंजसाठी टेकडीवर चढायचो, लावायचो, उतरायचो. मांडववाल्यांचे सगळे जनरेटर लग्नात गेलेले. एक म्हणाला, "भाऊ, डीजे चाललाय, मधीच कसा काढू?" सर स्वतः घोडेगावात दारोदार फिरले. शेवटी एक मिळाला, तर रस्त्यात झाड पडलेलं.

वीज नसलेली ती पेटी म्हणजे काचेची बंद खोली. मे महिना, पाऊस पडून गेल्यावरचा तो दमट उकाडा. आम्ही झाकण उघडलं. बायका लिंबाचा पाला घेऊन बसल्या, माश्या वारत राहिल्या. मी अंगणाच्या कडेला दगडावर बसून होतो. कुणी मला बोल लावला नाही. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

उजाडलं तेव्हा त्या वयस्कर माणसानं नाकावरचा पंचा बाजूला केला आणि विचारलं, "पावणं, आता काय करायचं?"

काल मीच सगळं सांगत होतो, म्हणून तो मलाच विचारत होता.

मी म्हातारीपाशी गेलो. ती म्हणाली, "असं न्हाई दाखवायचं तिला." मग मी म्हणालो, उरकून घ्या.

ओली झालेली लाकडं पेटायला फार वेळ लागला. मी बोर्डावरचा तो माझा नंबर, फोनवरचा तिचा तो आवाज, माझं ते "ठेवतो, ताई" आठवत उभा होतो. तिला फोन करायला कुणी टेकडीवर गेलं नाही. मीही गेलो नाही. माझ्यात धीर नव्हता.

ती अकराच्या सुमाराला आली. घोडेगावातून मिळालेल्या जीपनं झाडापर्यंत, आणि तिथून पायी. पाठीला सॅक, पायात बूट, चिखलानं भरलेले. अंगणात रिकामी पेटी बघून ती थांबली. आईनं तिला मिठी मारली. ती तशीच ताठ उभी राहिली. मग माझ्याकडे आली.

"तुम्हीच का फोनवर?"

"हो."

"कधी केलं?"

"सकाळी. लाईट गेली काल. मी... माझं चुकलं, ताई."

"चेहरा कसा होता?"

मी म्हणालो, "शांत होता."

"मी रोज बघते," ती म्हणाली. "खरं सांगा."

मी खरं सांगितलं. जेवढं सांगवलं तेवढं. तिनं मधे एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही ठेवतो म्हणाला नसतात ना, तर मी काल तिथंच रडून घेतलं असतं. मैत्रिणी होत्या. सुट्टी टाकली असती, पडून राहिले असते. तुम्ही ठेवतो म्हणालात, म्हणून मी रडलेच नाही. म्हटलं, बाबांसमोर रडू."

आणि ती चितेकडे निघाली. तिथं अजून धग होती. मी मागं गेलो नाही.

पेटी खाली उतरवायला गावातलीच माणसं आली. मी नको नको म्हणत होतो. त्या वयस्कर माणसानं पुढचा दांडा खांद्यावर घेतला होता.

जूनमध्ये वर्ष संपलं. सरांनी अहवाल लिहिला होता, त्यात एक ओळ होती: दुर्गम डोंगरी भागातही सेवा पोचवली. वाचायला उभा राहिलो तेव्हा मी ती ओळ वाचली नाही, तिच्या जागी घडलं ते सांगितलं. खजिनदार म्हणाले, "हे इथंच राहू दे. अहवाल वरच्या ऑफिसात जातो." सरांनी खाली बघत मान हलवली. सर वाईट नाहीत. त्या रात्री माझ्यासारखे तेही झोपले नव्हते. छापील अहवालात ती ओळ तशीच राहिली, आणि मला मानचिन्ह मिळालं.

मी जनरेटरचा ठराव मांडला. चर्चेत ठरलं की उगाच खर्च नको, इथून पुढं पेटी डांबरी रस्त्यावरच्या गावांनाच द्यायची, घाटाकडं नाही. हात वर झाले. माझा आणि क्लबातल्या एका डॉक्टरांचा तेवढा विरोधात.

पावसाळ्यात मी भंगारातून एक जुना जनरेटर घेतला, खोलला, वाइंडिंग नवं भरलं, पेटीला जोडून सलग दोन दिवस चालवून पाहिला. चालला. मग मी स्वतःच्या नावानं डोंगरातल्या ग्रामपंचायतींत, पेटी जनरेटरसकट येईल, अशा चिठ्ठ्या देऊन आलो. एकदा त्या गावातही गेलो. म्हातारी लेकीकडे बेंगळुरूला गेली होती. दाराला कडी लावलेली, अंगणात गवत वाढलेलं. शेजारणीनं पाणी दिलं, कोण म्हणून विचारलं. मी पेटीवाला म्हणालो. तिनं तांब्या परत घेतला आणि आत गेली.

फोन अजूनही येतात, खालच्या गावांचे. येतो म्हणायच्या आधी मी विचारतो, लाईट कशी आहे, लांबच्या माणसाला यायला किती वेळ लागणार आहे. आणि सांगतो की खात्री नाही. काही जण चिडतात. म्हणतात, मग बोर्ड कशाला लावलाय? डोंगराकडून मात्र एकही फोन आलेला नाही.