समोरच्या आजीच्या लग्नपत्रिकेची घडी

समोरच्या आजीची लग्नपत्रिका तुम्ही पूर्ण उलगडून फ्रिजवर चिकटवलेली मी फोटोत पाहिली. बाळांनो, ती काढा आणि बंद करून लावा. ती एकेक घडी उघडत वाचायची आहे. तुमच्या आईने विचारलं होतं, पत्रिकेत अक्षता कशा नाहीत? त्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, आणि ते आठवलं की मला एकटीलाच हसू फुटतं.

समोरच्या आजीचे यजमान जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमच्या मुलुंडच्या बागेत एक निवृत्त बँक मॅनेजर आधी आमच्या मागून चालायचे, मग आमच्याबरोबर, मग फक्त तिच्याबरोबर. दिवाळीपर्यंत दोघांचं ठरलंसुद्धा. तिचा मुलगा फोनवर लगेच हो म्हणाला. राहिला चेंबूरचा दादा, तिचा थोरला भाऊ. वडिलांमागे त्यानेच तिला वाढवलेलं.

"दादा नाही म्हणाला तर मी रजिस्ट्रारकडे सही करायला जाणार नाही," तिने मला सांगून टाकलं. "आणि त्याला तोंडाने सांगणं मला जमणार नाही. जीभच वळत नाही गं."

"मग कागदाने सांगू," मी म्हटलं.

अंधेरीच्या औषध कंपनीत माझी सगळी नोकरी खोक्यात घालायच्या माहितीपत्रकांत गेली. मोठा कागद एवढ्याशा खोक्यात बसवायचा, आणि उघडणाऱ्याला आधी काय दिसेल, मग काय, हे ठरवायचं. इतक्या वर्षांनी पट्टी-पेन्सिल हातात आली आणि मी उड्या मारायच्याच काय त्या बाकी होत्या.

कागदाची लांब पट्टी घेतली, तिचे चार भाग केले आणि चटई गुंडाळावी तशा घड्या आत आत घातल्या. आतला प्रत्येक भाग केसभर अरुंद ठेवला, नाहीतर तो कडेला अडतो आणि कागद फुगतो. वरती छापलं, "आमच्या घरी लग्न आहे!" पहिली घडी उघडली की, "मुलगी हुशार, सुगरण, थोडी हट्टी." दुसरी उघडली की, "मुलगा निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, पेन्शन चालू." आणि सगळ्यात आत दोघांची नावं, वयांसकट.

"पेन्शन नको गं, लगेच कळेल!"

"थोडं कळू दे. माणूस तिथे हसतो. हसता हसता शेवटची घडी उघडली की रागवायला वेळच मिळत नाही."

"तू औषधांच्या खोक्यांत पण असंच करायचीस?"

"तिथे दुष्परिणाम आत असायचे."

ती हसता हसता सोफ्यावरून घसरली.

पहिली प्रत घरीच जाड कागदावर काढली. दादा हो म्हणाला की मगच बाकीच्या छापायच्या. माझ्या हिशेबाने काम संपलं होतं, तेवढ्यात ती हळदकुंकू लावलेल्या अक्षता घेऊन आली. "अक्षतांशिवाय पत्रिका दादाला चालायची नाही." आणि चांगली मोठी चिमूट तिने अगदी आतल्या घडीत, नावांजवळ भरली. कागदाची जाडी मी मोजली होती. तांदळाची कोण मोजतं?

चेंबूरला दादा चहा पीत बसला होता. तिने पाकीट पुढे केलं. त्याने पत्रिका बाहेर काढली मात्र, ती एखाद्या मिटलेल्या छत्रीसारखी फटकन उघडली. अक्षता चहात पडल्या. आणि सगळ्यात आतला भाग सगळ्यात आधी दादाच्या नाकासमोर आला.

त्याने वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. ही जमिनीकडे बघत बसलेली. मी मनात म्हटलं, लागली वाट.

"घडी कोणी घातली?" दादाने विचारलं.

"मी," माझा आवाज शाळेतल्या मुलीसारखा.

"आधी काय वाचायचं होतं?"

मी घड्या परत घातल्या. त्याने एकेक उघडली. हट्टीपाशी बहिणीकडे बघितलं. पेन्शनपाशी मिशी हलली. शेवटच्या घडीत अडकलेल्या अक्षता त्याने तळहातावर झटकल्या, मूठ मिटली, पत्रिका बंद करून नखाने कडा दाबल्या आणि आवाज दिला, "अगं ए, बाहेर ये, लग्नाची पत्रिका आलीय!" मग आम्हाला हळूच म्हणाला, "तुम्ही दोघी गप्प बसा."

वहिनी हात पुसत आल्या. "कोणाकडची हो?"

"वाच ना."

"मुलगी हुशार, सुगरण, थोडी हट्टी. हट्टी? मग तुमच्याच घराण्यातली असणार!" पुढची घडी. "पेन्शन चालू? अहो, हा कसला मुलगा?" त्यांनी शेवटची घडी उघडली आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्यांनी दार उघडलं.

दादा मांडीवर थाप मारून हसत होता. "बघितलंस हिचं तोंड? माझंही असंच व्हायचं होतं. तुझ्या तांदळांनी मजा घालवली माझी!"

"म्हणजे... दादा, तुला चालेल?"

त्याने मूठ तिच्या डोक्यावर उघडली. चहातून वाचलेल्या अक्षता तिच्या पांढऱ्या केसांत अडकल्या. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही, कारण माझाच चष्मा धूसर झाला होता.

"बाकीच्या खुशाल छापा," दादा मला म्हणाला. "पण आत एक दाणासुद्धा नको. आणि मला दहा द्या. दहा जणांची तोंडं मला स्वतः बघायची आहेत."