गाणी उतरवणारं दुकान

पेडणे तालुक्यातली एक केस अजून माझ्या मनातून गेलेली नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका माणसाने गुन्हा कबूल केला, जबाबाखाली सही केली, आणि तो गुन्हा त्याने केलेलाच नव्हता.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आलेली. बंदोबस्ताच्या याद्या, मंडळांचे परवाने, वाहतुकीची आखणी अशी कामं माझ्या मेजावर क्रमाने लावून ठेवली होती. त्या सकाळी एका संगीत कंपनीचे प्रतिनिधी ठाण्यात आले. त्यांच्याकडे रंगीत छापलेला पाहणी अहवाल होता. धारगळ आणि आसपासच्या गावांतले बहुतेक लोक पैसे न देता गाणी 'उतरवून घेतात', म्हणजे डाउनलोड करतात, असा त्याचा निष्कर्ष. 'कुठे?' या प्रश्नाला तर अनेकांनी एकच ठिकाण सांगितलं होतं, हमरस्त्यावरचं एक मोबाईल दुरुस्तीचं दुकान.

आजच छापा घाला आणि संगणक जप्त करा, अशी त्यांची मागणी होती. कॉपीराइट कायद्यात अशी जप्ती वॉरंटशिवाय करता येते, हे ते पाठ करूनच आले होते. माणूस मात्र खोटा वाटला नाही. "साहेब, एकेका गाण्यामागे वादक असतात, गायक असतात. त्यांच्या पोटावर पाय येतोय," ते म्हणाले, ते मनापासूनच.

माझी एक जुनी सवय आहे. प्रकरण कोणतंही असो, वहीत तीन रकाने पाडायचे. पाहिलं, ऐकलं, धरून चाललो. त्या दिवशी पहिला रकाना कोरा होता. म्हणून छाप्याआधी दुकानदाराला चौकशीला बोलावलं.

साठीकडे झुकलेला गृहस्थ, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू-ड्रायव्हर तसेच. ठाण्यातून निरोप गेल्यामुळे चेहरा उतरलेला. संगणक गेला तर त्याचं काम ठप्प होणार होतं. आणि चवथीच्या तोंडावर पोलीस दुकानात शिरले, ही बातमी गावाला वर्षभर पुरली असती. मी अहवालातलाच शब्द वापरून सरळ विचारलं.

"लोक तुमच्याकडे गाणी उतरवून घ्यायला येतात?"

"येतात की."

"त्याचे पैसे घेता?"

"गाण्यांचे? नाही हो साहेब. देवाचं काम ते."

चौकशीत माणसं देवाला मध्ये घालतातच, असं मनाशी म्हणून मी पुढे गेलो. "हे कधीपासून चाललंय?"

"वडिलांच्या काळापासून. चवथीआधी जरा गर्दी असते, एवढंच."

जबाब लिहून झाला, वाचून दाखवला, त्याने सही केली. शेजारी बसलेल्या प्रतिनिधींनी समाधानाने लॅपटॉप मिटला. चार वाजता पंचांना बोलवा, असं मी हवालदाराला सांगितलं.

निघण्यापूर्वी शिरस्त्याप्रमाणे जबाबातला मजकूर रकान्यांत उतरवायला घेतला, आणि 'वडिलांच्या काळापासून' या शब्दांवर पेन थांबलं. याच्या वडिलांच्या काळात धारगळात मोबाईल कुठला आणि संगणक कुठला?

मी प्रतिनिधींना म्हटलं, "अहवाल राहू द्या. लोकांना नेमका काय प्रश्न विचारला, तो दाखवा." ते थोडे नाराज झाले, पण शोधून दिला. पाहणीचा आराखडा दूरच्या शहरात तयार झालेला, मराठी तिथेच केलेलं. प्रश्न असा होता : तुम्ही पैसे न देता गाणी उतरवून घेता का?

हवालदार दारातच उभा होता. तो पेडण्याचाच. तोच प्रश्न मी त्याला वाचून दाखवला.

"होय साहेब," तो शांतपणे म्हणाला. "दर वर्षी."

प्रतिनिधी त्याच्या वर्दीकडे पाहतच राहिले.

"कशावर उतरवतोस?"

"वहीवर. पेन अडलं तर पेन्सिलीने."

चवथीला आमच्याकडे घुमट हे मातीच्या घटाचं वाद्य वाजवून आरत्या म्हणतात. जुन्या आरत्या एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत हाताने लिहून घेतल्या जातात, आणि त्याला शब्द 'उतरवून घेणं' हाच. पाहणी करणारे नेमके चवथीआधीच्या पंधरवड्यात फिरले होते. लोकांनी खरं तेच सांगितलं होतं.

चार वाजता पंचांशिवाय आम्ही दुकानावर गेलो. काउंटरखालच्या फळीवर दुकानदाराच्या वडिलांच्या हातच्या वह्या होत्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. बाकावर तिघे जण मांडीवर वही घेऊन लिहीत बसलेले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने प्रतिनिधींना गिऱ्हाईक समजून सरकून जागा दिली. "तुमका खंयची आरती होयी? पानां मात्र सांबाळून परता." दुकानदाराने आपणहून संगणक उघडून दिला. त्यात दुरुस्तीच्या पावत्या आणि नातवाच्या बारशाचे फोटो होते.

प्रतिनिधींनी तक्रार मागे घेत असल्याचं तिथेच लिहून दिलं. फुकटात गाणी लाटणारे नाहीतच, असं मी म्हणत नाही. धारगळातही असतील. पण किती आहेत, हे त्या अहवालावरून कळणं शक्य नव्हतं, आणि मी त्यावर एका माणसाचं दुकान बंद करायला निघालो होतो.

मला जास्त लागली ती स्वतःची चूक. मीही इथलाच, मुळगाव नावाच्या गावचा. लहानपणी मामाच्या ओसरीवर बसून मीही आरत्या उतरवल्या आहेत. तरी समोर तक्रार आली तेव्हा त्या शब्दाचा एकच अर्थ मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुकानदार पुन्हा ठाण्यात आला. "साहेब, त्या कागदावर 'कबूल' लिहिलंय, तेवढं खोडा."

जबाबात खाडाखोड चालत नाही, हे मी त्याला समजावलं आणि पुरवणी जबाब घेतला. उतरवणं म्हणजे काय, कशावर आणि कुठल्या वहीतून, ते सगळं त्यात आलं. त्याने तो दोनदा वाचला, सही केली, मग पिशवीतून आरत्यांची वही काढली.

"घरी विचारतात, ठाण्यात काय लिहून दिलं म्हणून. हा जबाब यात उतरवून घेऊ?"

"घ्या."

तो बाकावर बसून अक्षर अन् अक्षर लिहायला लागला. हवालदार मागून म्हणाला, "फुकट हां, साहेब."

नंतरच्या वर्षभरात मी वहीत चौथा रकाना पाडू लागलो. तो पहिल्याच्याही आधी भरायचा. विचारलं काय?