शकुबाईचं रवाळ मलम

कमलनगरात शकुबाई टाचांच्या भेगांवरचं मलम करते. घरच्या म्हशीचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, पाणी घालून तळहातानं घोळायचं, पाणी ओतून टाकायचं, असं शंभर वेळा. मधेच मोजणी चुकली की पुन्हा एकपासून सुरुवात. मी शेजारीण, गप्पांच्या नादात दोनदा तिची मोजणी चुकवली आणि पोटभर बोलणी खाल्ली.

शेवटी लोण्यासारखं पांढरंशुभ्र मलम तयार होतं. बसस्टँडजवळचे दुकानदार गुरुपादय्या ते विकायला ठेवतात.

गेल्या मार्चमध्ये ते बाराच्या बारा डब्या घेऊन परत आले. मलमात रवा धरला होता, बारीक कण दिसत होते. गिऱ्हाइकं नासलं म्हणतात, गुळगुळीत होत नसेल तर यापुढं ठेवणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. शकुबाईचा चेहरा उतरला. तिच्या हातच्या वस्तूला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. मग तिला रागच आला.

"तूप रवाळ असलं की मागून खाता, अण्णा. मलमात रवा दिसला तर नासलं कामून?"

दुकान पत्र्याचं. दुपारी मलम वितळतं, रात्री सावकाश गोठतं, म्हणून रवा धरतो, हे तिनं समजावलं. बोटावर चोळून दाखवलं, तर रवा लगेच विरला. तरी गुरुपादय्यांना पटेना. करणारी आपल्या मालाला वाईट कशाला म्हणेल?

शकुबाई एकेक डबी उघडून हुंगू लागली. नवव्या डबीशी थबकली, पुन्हा वास घेतला. दिसायला तीच सगळ्यांत गुळगुळीत होती. मी डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बस म्हणून. पण ऐकेल तर ती शकुबाई कसली!

"ही मात्र नासलीय, अण्णा. आत पाणी ऱ्हायलंय. चूक माझी हाय."

गुरुपादय्यांनी डबी नाकाला लावली. त्यांना काही कळेना. शकुबाईनं उरलेल्या तीनही हुंगून चांगल्या ठरवल्या, तसे ते त्या अकरा डब्या स्वतःच पिशवीत भरू लागले.

"वाईट तूच सांगितलीस अक्का, आता चांगलंबी तुझंच ऐकतो," ते म्हणाले.

शकुबाई मनापासून सुखावली. आता दुकानात कोणी रव्याची तक्रार केली, तर गुरुपादय्या एवढंच सांगतात, "अक्कानं वास घेतलेली डबी हाय. लावा बिनघोर."