कॉफीशॉपशेजारी वड्यांचं दुकान

आमच्या गावात, रॉटरडॅमहून ट्रेनने जवळच, सांगलीकडच्या एका काकूंचं वड्यांचं छोटंसं दुकान आहे. त्याला लागून कॉफीशॉप. इथे कॉफीशॉप म्हणजे जिथे कॉफी सोडून बाकीच्यासाठी लोक जातात, ते. तिथून गांजा ओढून बाहेर पडलेल्या माणसाला जी भूक लागते, त्या भुकेवर काकूंचं घर चालतं.

मी तेव्हा शनिवारी काकूंना मदत करायचो. मदत म्हणजे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांच्या नकला. शाळेत असताना हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला होता, डच भाषाही मी तशीच शिकलो. घशात माशी अडकल्यासारखा ख काढायचा आणि शेजारच्या आजोबांसारखं तोंड करायचं. व्याकरण कच्चं, पण आवाज अस्सल.

काकूंचा खरा राग करावर होता. इथे माणूस पाच ग्रॅमपर्यंत गांजा घेऊ शकतो, दुकानाला पुढच्या दाराने तो विकता येतो, पण आमच्या गावात मागच्या दाराने माल आणणं बेकायदा. कायद्याला जो माल मान्यच नाही, त्यावर विक्रीकर कसा लावणार? म्हणून शेजारी तो कर नाही. काकूंच्या वड्यावर आहे. कॉफीशॉपचा टकलू मालक रोज चहाला यायचा आणि सांगायचा की नफ्यावरचा कर मीही भरतो. काकू त्याला मराठीत काहीतरी म्हणायच्या. मी भाषांतर करायचो, "काकू म्हणतात, चहा कसा झालाय?"

मग पलीकडच्या रस्त्यावर मोठ्या मुलांची शाळा आली. आमच्या खेमेंतेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा नियम असा की शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत कॉफीशॉप नको. अंतर मोजतात ते दारापासून दारापर्यंत, चालत. थोडंसं कमी भरलं. कॉफीशॉप हलवायचं का, यावर सुनावणी ठेवली, कोणीही येऊन बोला. आमच्या मराठी मंडळाने लगेच ते हलवा म्हणून सह्या गोळा केल्या. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांची पोरं त्याच रस्त्याने सायकलवर जायची. सही घ्यायला अध्यक्ष काकूंकडेही आले.

काकूंनी त्यांना वडा दिला, सही दिली नाही. कॉफीशॉप गेलं तर महिन्याभरात दुकान बंद, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. मला म्हणाल्या, "सुनावणीला मी बोलणार. तू फक्त डचमध्ये सांग. आगाऊपणा नको."

सभागृहात एका बाजूला मंडळ, झब्बे घालून. समोर टेबलामागे खेमेंतेच्या एक बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी विचारलं, कॉफीशॉपच्या गिऱ्हाइकांचा तुम्हाला त्रास होतो का?

काकू उठल्या, पदर खोचला. "पलीकडच्या बारमधून येतात ते भांडतात. हे येतात, दोनदा थँक्यू म्हणतात आणि सुटे पैसे विसरून जातात."

मी डचमध्ये सांगितलं. पण सांगताना माझा हात आपोआप कंबरेवर गेला, मान काकूंसारखी हलली, नसलेला पदरही मी खोचला. सभागृह हसायला लागलं. काकूंनी न बघता मला चिमटा काढला. हशा वाढला.

अध्यक्ष उभे राहिले आणि मराठीतच म्हणाले, की वहिनी, तुम्हीसुद्धा? आपल्या लोकांनी असं करावं?

काकू त्यांच्याकडे वळल्या. "भाऊजी, मला पण तो वास आवडत नाही. पण मंडळ माझ्याकडून वर्षातून एकदा गणपतीला वडे घेतं, तेही घाऊक भावात. हे रोज घेतात."

मंडळातल्या बायकाच आधी हसल्या. चष्मेवाल्या बाई माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. या वेळी मी हात खिशात घालून, एक शब्द न गाळता सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल अगदी इथल्यासारखा लागला. कॉफीशॉप राहू द्या, पण त्याचं दार मागच्या गल्लीत काढा. तिकडून चालत मोजलं की अंतर भरतं. झालं, गिऱ्हाईक सगळं मागे आणि काकूंचं काउंटर पुढे. पहिल्या आठवड्यात तळलेले वडे आम्हीच खाल्ले.

म्हणून काकूंनी मागच्या भिंतीत विक्रीची खिडकी पाडायला अर्ज केला. त्यासाठी शेजाऱ्याची हरकत नाही असं सहीनिशी लिहून लागतं. शेजारी म्हणजे आपला टकलू. कागद घेऊन मीच गेलो. त्याने दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि अवघडून म्हणाला की खिडकी ठीक आहे, पण तळणीचा वास आत येईल. गिऱ्हाईक तक्रार करेल.

मी परत येऊन त्याच्याच आवाजात काकूंना हे सांगितलं. काकूंनी हातातला झारा खाली ठेवला.

"याच्यासाठी मी सगळ्या मंडळाशी वाकडं घेतलं," त्या म्हणाल्या, "आणि याला माझ्या वड्याचा वास येतो?"

मग खाली बसल्या आणि इतक्या हसल्या, की कढईतला घाणा मलाच काढावा लागला. धुराड्याची नळी छपराच्या वर नेली तेव्हा त्याने सही केली. खिडकीपुढे आता रांग असते.