सातवा बार

दगडाबाईनं पोटच्या पोराचा पाय पहारीनं मोडला, ते म्या या डोळ्यांनी बघितलं. लोक म्हणत्यात, बाई न्हाय, सैतान हाय. म्हणू द्या. त्यांच्या जिभंला काय हाड हाय? म्या बिरदेव, बारा वर्सं तिच्या टोळीत होल मारायलोय, तवा माझं ऐका.

आमची टोळी विहिरी फोडती. खडकात होल मारायचं, त्यात सुरुंगाचा तोटा भरायचा, बत्ती लावून वर पळायचं. बार उडाले की खाली उतरून फुटलेल्या दगडांचं डबर भरायचं. दगडाबाई मुकादम. वय पन्नाशीचं, आवाज असा की डबर वर वढायच्या यारीवरचा माणूस दचकतोय. कामात ढिलाई दिसली की हातात आसंल ते अंगावर येतंय. टोपलं, खोरं, एकदा तर भाकरीचा डबा आला.

बार उडायच्या टायमाला ती काठापासून लांब, पाय रोवून उभी राहती. जितके होल भरले तितके खडे वटीत. एक बार उडाला की एक खडा फेकायचा. वटी रिकामी झाली तरच माणूस खाली. एक जरी उरला तरी त्या दिवशी काम बंद, कारण न उडालेला तोटा खडकात जिता बसलेला आसतोय. पहार लागली की माणसाच्या चिंधड्या.

आधी ती बोटावर मोजायची. एकदा सहातले पाच बार उडाले, ही बोलायच्या नादात सहा समजली आन 'उतरा' म्हणून हाक दिली. तिचा नवरा कोंडीराम पहिला उतरला. त्याला आमी पोत्यात गोळा करून वर काढला. "म्या मारलं त्यास्नी," असं ती आजबी सरळ सांगती.

औंदा तामलवाडीच्या शिवारात गावच्या पाण्याच्या विहिरीचं काम लागलं. ठेकेदाराचा सुपरवायझर अमरसिंह आला. त्यानं विहिरीच्या भिंतीवर लाल रंगानं फुटाच्या रेघा वढल्या. रोज पाच वाजता तिथला फोटो ग्रुपवर गेला पाहिजे, किती फूट खाली गेलो ते वरच्या साहेबांना दिसलं पाहिजे. झालं! गडी त्या रेघांखालीच खोल खांदायले, बाकीची विहीर तशीच. फोटोत मातूर फूट वाढायले. दगडाबाईनं बघितलं आन दोघांच्या पाठीत टोपलं हाणलं.

"विहीर खांदायलाव का खलबत्ता?"

अमरसिंह हसला. "काकू, मला फूट दिसाया पाहिजे. तुमच्या खड्यांचा फोटो कुणाला धाडू?"

त्या गुरवारी सात होल भरले. बार असे फुटले की एक दगड उडून माझ्या होल मारायच्या ट्रॅक्टरची काच फोडून गेला. धूर निवला. बाईच्या वटीत एक खडा उरला होता.

"दोन बार संगं उडाले," अमरसिंह म्हणला. "उतरा, पाच वाजायलेत."

"कुणी उतरायचं न्हाय," ती म्हणली.

"उद्या दुसरी टोळी आणतो बघ! नवरा खाल्लास, आता माझं काम खातीस का?"

माझं टकुरं फिरलं. म्या त्याची गचांडी धरली आन तोंडावर दिल्या ठेवून. नाकातनं रगत आलं तरी हाणतच होतो, चौघांनी मला मागं वढलं. त्या गोंधळात तिचा पोरगा दिग्विजय, पंचविशीचा तगडा गडी, पहार घेऊन शिडीकडं निघाला.

"माय, कामच गेलं तर खायाचं काय? दोन संगंच उडालेत, म्याबी ऐकलंय."

बाईनं त्याचा दंड धरला. त्यानं हिसडा दिला, ती आपटली. उठली ती दुसरी पहार घेऊनच.

"माघारी ये."

"न्हाय."

त्याचा एक पाय शिडीवर, दुसरा काठावर. तिनं काठावरच्या नडगीवर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पोरगा गुरावानी वरडला. तिनं त्याचं केस धरून त्याला फरफटत मागं आणला आन त्याच्या छातीवर बसून दोन थोबाडीत दिल्या. "लंगडा हो, पर जिता ऱ्हा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या एकटाच उतरलो. सातीच्या साती जागा हातानं चाचपल्या. साती फुटल्या होत्या. दोन बार खरंच संगं उडाले होते.

"बिरदेवा, काय हाय?" वरनं हाक आली.

खोटं बोलावं असं लई वाटलं. 'जिता तोटा हाय' म्हणलं आसतं तर बाई सुटली आसती, पोरगाबी पाया पडला आसता. पर विहिरीतनं खोटा आकडा वर धाडायचा न्हाय, हे तिनंच शिकवलेलं.

"काय न्हाय काकू. सगळे उडालेत."

म्या वर आलो. तिनं दवाखान्यात पोराला फोन लावायला सांगितला.

"दिग्या, खाली काय निघालं न्हाय. पाय फुकट मोडला म्या तुझा."

पोरगं पेटलं. एवढं वरडलं की आमा सगळ्यांना ऐकू आलं. घाण घाण शिव्या दिल्या, तुझं तोंड बघणार न्हाय म्हणला, मरून जा म्हणला. बाईच्या डोळ्यांतनं पाणी चाललेलं, तरी तिनं फोन कानाला गच्च दाबून धरला होता.

"दे बाबा, अजून दे," ती म्हणली. "ऐकायलेय म्या."