वाऱ्याखालची घरं

अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या घरात आम्ही चौघं होतो. मुलगा, सून, पाच वर्षांची नात आणि मी. नव्वदनंतरची ही गोष्ट. मुलगा ह्यूस्टनच्या एका ऑफिसात खतकारखान्यांचे नकाशे करायचा. कारखाने मात्र इथं उभे राहत नव्हते. इथला गॅस महाग पडतो, असं तो सांगायचा. वेस्ट इंडीजमधल्या एका बेटाला समुद्राखाली भरपूर गॅस सापडला होता. त्याचा अमोनिया करायचा, जहाजांत भरून अमेरिकेला पाठवायचा, असा त्यांचा धंदा. तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपनीनं नवा प्लँट चालू करून द्यायला मुलाला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. आम्हीही सोबत जायचं, असं ठरत आलं होतं.

अमोनिया मला नवा नव्हता. मुलाचे वडील नोकरीभर खतकारखान्यात ऑपरेटर होते आणि आम्ही गेटाबाहेरच्या वसाहतीत राहायचो. साहेबांचे बंगले टेकडीपलीकडे होते. टाकीजवळच्या खांबावर एक केशरी कापडी नळी वाऱ्यानं फुगलेली असायची. आम्ही बायका तिला वाऱ्याची बाही म्हणायचो. बाहीचं टोक घरांकडे वळलं की कपडे वाळत घालायचे नाहीत, पोरांना आत घ्यायचं, ओला पदर हाताशी ठेवायचा. अमोनियाचा वास आलाच तर वाऱ्याबरोबर पळायचं नाही, आडवं चालायचं. मुलगा दुसरीत असताना एका दुपारी वास आला. त्याच्या नाकातोंडाला पदर बांधून मी त्याला घेऊन आडवी चालत सुटले. शेजारचे म्हातारबाबा खाटेवरून उठू शकले नाहीत. ते वाचले नाहीत.

बेटावरच्या कंपनीचे एक साहेब कामासाठी ह्यूस्टनला आले, तेव्हा मुलानं त्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. त्यांचे पूर्वज ऊस तोडायला हिंदुस्थानातून तिकडे गेलेले. हिंदी त्यांना येत नव्हती, पण मला बघताच वाकून ‘आजी’ म्हणाले. त्यांच्याकडेही बापाच्या आईला आजीच म्हणतात म्हणे. सुनेनं पाहुणे म्हणून भरल्या वांग्यांत तिखट कमी घातलं होतं. साहेबांनी आणखी मिरची मागून घेतली आणि आमच्या बेटावर हे तान्ह्या मुलांना भरवतात, अशी तिची थट्टा केली. माणूस चांगला होता. मला तर आवडलाच.

जेवणानंतर त्यांनी बॅगेतून कारखान्याचे फोटो काढून दाखवले. आठ-दहा तरी असतील. कुठल्या फोटोत मागची टेकडी हिरवी होती, कुठल्यात वाळून पिवळी पडलेली. मी ताटं उचलता उचलता बघत होते. प्रत्येक फोटोत बाही होती, आणि दर वेळी तिचं टोक एकाच बाजूला. त्या बाजूला लाल पत्र्यांची घरं होती, ओळीनं.

परक्या माणसांसमोर मी बोलत नाही. चौथीपर्यंत शिकलेली, त्यात इंग्रजी येत नाही. तरी सुनेच्या कानाशी लागून म्हटलं, ही घरं कुणाची, विचार. तिनं विचारलं. कामगारांची, साहेब म्हणाले. बारा महिने पूर्वेचा वारा असतो, घरं इतकी थंड की एसी लागत नाही. सुनेनं मला ते सांगितलं.

मी मुलाकडे वळले. “गॅस सुटला तर घरांवरच जाईल रे.”

“आई, नंतर,” तो म्हणाला. चेहरा हसराच ठेवला होता.

आजी काय म्हणाल्या, असं साहेबांनी विचारलं. त्यावर मुलानं जे उत्तर दिलं, ते सुनेनं मला मागाहून स्वयंपाकघरात सांगितलं. आईला जागा फार आवडली, असं तो म्हणाला होता.

साहेब गेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटत होतं, पोरगं व्हॉल्व्हांत आणि पाइपांत बुडालेलं असतं, कपडे कधी वाळत घातले नाहीत, त्याला बाही दिसली नसेल. म्हणून मी समजावून सांगायला लागले. त्यानं मला थांबवलं.

“मला माहितीय, आई. नकाशा मीच केलाय. घरं आधीची आहेत आणि नव्या टाकीला दुसरी जागा नव्हती. धोका आहे, असं मी दोनदा लिहून दिलं. मग सही केली.”



“आपण तिथं राहणार नाही,” तो पुढे म्हणाला. “टेकडीपलीकडे घर मागून घेतलंय. तिकडे वास येणारच नाही.”

दारातून सूनही ऐकत होती. नात गालिच्यावर रंग भरत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि छातीवरचं ओझं उतरलं. “बरं केलंस,” मी म्हणाले.

मुलगा लगेच उठला, जसा काही माझ्या होकारासाठीच थांबला होता. मी त्याला पुन्हा बसवायला हवं होतं. आमच्या वेळी टेकडीपलीकडे कोण राहायचं, हे त्याला आठवतं का, ते विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. दोन महिन्यांनी आम्ही त्या बेटावर राहायला गेलो.