चाळिसाव्याची माफी

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. अब्बांच्या मोमिनपुऱ्यातल्या घरात त्याचे दोन वाटे होते आणि माझा एक. शरियतने लेकीला तेवढा दिलेलाच आहे. तो एक वाटा त्याने माझ्याच तोंडून काढून घेतला.

अब्बांच्या चाळिसाव्याला फातिहा झाली, जेवणं उरकली. पडद्याच्या अलीकडे आम्ही बायका, पलीकडे मामू आणि जमातीची माणसं. मामूंनी पलीकडून विचारलं, "बेटी, घरातला हिस्सा भावाले माफ केला ना?" असं विचारायची रीतच होती. माफीच्या बदल्यात द्यायची हिरवी साडी भावजयीने आधीच माझ्या मांडीवर आणून ठेवली होती. नाही म्हणणाऱ्या बहिणीला पुढच्या ईदला माहेरी कोणी बोलावत नाही, हे आम्हा सगळ्या जणींना ठाऊक. मी रडतच होते. म्हणाले, "माफ."

आणि ही मी कोण? डोक्यावर टोपली घेऊन एसटी स्टँडवर संत्री विकत विकत संत्रा मार्केटात स्वतःचा गाळा उभा केलेली. आजवर फळ फोडून चाखल्याशिवाय कुठल्या मालाचा सौदा केला नाही.

पुढे भावजयीचे वडील वारले. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग. तिच्या हिश्श्याचं बोलायला भाऊ गाळ्यावर आला. "आपा, तू चाल संग. त्या लोकाईले तूच भारी पडशील." मला बरं वाटलं. मी गेले.

तिच्या थोरल्या भावाने बागेच्या टोकाचा तुकडा दाखवला. जमीन मुरमाड, झाडांचे शेंडे वाळलेले. मी म्हटलं, "काहून गा, विहीर त्या टोकाले आन् बहीण या टोकाले? पानी काय डोयातून काढन ते?" गडीमाणसं हसली. तो चिडला. "आमच्याकडं बहिणी माफ करतात, बाई. देऊन राहिलो हेच लय झालं."

तेव्हा माझा भाऊ उसळला. "माफ? जे हाती आलंच नाही, ते माफ कसं होईन? अल्लाच्या घरी जवाब द्या लागते. आधी तिच्या हाती द्या, मंग विचारा तिले."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. विहिरीजवळचा तुकडा मिळेपर्यंत मीच भांडले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आता माझ्या हिश्श्याचं बोल."

"तुया कोनता हिस्सा? तू तं माफ केला न आपा, सगळ्याइसमोर."

भावजय खिडकीशी बसली होती. म्हणाली, "ते हिरवी साडी लय शोभते तुम्हाले."

आज ती रस्त्याकडच्या खोलीत पान लावत बसते. तीच खोली माझ्या वाट्याला आली असती. बापाच्या घरचंही तिला मिळालं, माझ्या बापाच्या घरचंही. दिवाळीच्या सुमारास अंबिया बहाराची तिची संत्री मार्केटात उतरतात तेव्हा मी बोली लावत नाही. लावली तर सगळ्यांत चढी माझीच लागेल, इतकं फळ गोड आहे. ते गोड आहे हेच मला सोसत नाही.

तेव्हापासून मोहल्ल्यात कुणाचाही चाळिसावा असला की मी बायकांमध्ये पडद्याला लागून बसते. माफीचा प्रश्न आला की ओरडते, "आधी खोलीची किल्ली पोरीच्या हाती द्या. वर्षभर राहू द्या तिले. मंग विचारा." पुरुष चिडतात. पण दोन-तीन घरांनी किल्ली दिली, आणि त्यांतल्या एकाही पोरीने पुढे माफ केलं नाही.

मामू आता नाहीत. विचारणारा गेला, घेणारा अजून त्याच घरात राहतो. म्हणून त्यालाच विचारते. नरखेडला छाती काढून जे बोललास, ते अब्बांच्या चाळिसाव्याला तुला ठाऊक होतं की नव्हतं? मला एकटीला गुपचूप सांगू नकोस. ज्या जमातीसमोर माझ्याकडून माफ करवून घेतलंस, तिच्यासमोर उभा राहा आणि जवाब दे.